लायसोझाइमने झोन का दिला नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तुम्ही अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे एन्झाइम घेतलंत, न्यूट्रियंट अगारच्या एका प्लेटवर ई. कोलाय आणि दुसरीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस पसरलंत, वेल, म्हणजे अगारमध्ये छोटे खड्डे, पाडून त्यात नमुना भरलात आणि रात्रभर 37 अंशांवर ठेवलंत. सकाळी स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकच्या वेलभोवती छान झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं कडं, होता, लायसोझाइमच्या वेलभोवती काहीच नाही. गाइड म्हणतात, एन्झाइम खराब असेल, नवीन मागवा. तुम्ही विचारताय की ते खरंच खराब आहे का, ‘नैसर्गिक अँटिबॅक्टेरियल’ हे नुसतं नावापुरतं आहे का, आणि यातून पुढे पनीर टिकवण्याचं काही निघेल का.

मी बरीच वर्षं कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेतली, आता एन्झाइमच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. तेव्हा सरळच सांगते: ऑर्डर टाकू नका, एन्झाइम बहुधा ठणठणीत आहे. तुम्ही निवडलेले दोन्ही जिवाणू त्याला दाद न देणारे आहेत, दोघांची कारणं वेगळी आहेत, आणि त्यात भर म्हणजे वेलची पद्धत या एन्झाइमला मानवत नाही. काही गोष्टी मात्र तुम्ही लिहिलेल्या नाहीत. अंडं फोडून घेतलं की बाटलीतली पावडर, कशात विरघळवलं, पीएच किती, मीठ किती. त्यांवर उत्तर थोडंफार बदलतं. ते जिथे बदलतं तिथे सांगत जाईन.

सगळा घोळ ‘मारतं’ या क्रियापदापाशी होतो. लायसोझाइम जिवाणू मारत नाही, एक ठरावीक बंध तोडतं. जिवाणूच्या पेशीभित्तिकेत दोन शर्करा आळीपाळीने ओवलेल्या लांब साखळ्या असतात, एन-ॲसिटिल ग्लुकोसअमाइन आणि एन-ॲसिटिल म्युरामिक ॲसिड. पाठ्यपुस्तकात नॅग आणि नॅम म्हणतात ते हेच. या साखळ्या आडव्या पेप्टाइडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि सगळं मिळून पेशीभोवती एकसंध आवरण तयार होतं. लायसोझाइम नॅम आणि त्याच्या पुढच्या नॅगमधला बंध पाण्याच्या साहाय्याने तोडतं. त्याचं मुख्य काम इथे संपतं. पुढे पेशी मरते की नाही, हे बाहेर काय आहे त्यावर ठरतं.

पेशीच्या आत क्षार, अमिनो आम्लं, शर्करा दाटीवाटीने भरलेली असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत घुसायला बघतं. ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जाड भित्तिका बाहेर उघडी असलेल्या, जिवाणूंमध्ये हा दाब वीस वातावरणांच्या आसपास जातो. तो पेलते ती भित्तिका, आतलं पातळ पटल नाही. सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूब तिथून फुगून बाहेर येते आणि फटकन फुटते, तसंच इथे होतं. पण बाहेरचा द्रवही तितकाच दाट असला तर पाणी आत जाणारच नाही आणि भित्तिका गेली तरी पेशी फुटणार नाही. 1953 मध्ये क्लेस वायबुल यांनी बॅसिलस मेगाटेरियमच्या दांड्यासारख्या पेशी सुक्रोजच्या द्रावणात ठेवून लायसोझाइम दिलं. पेशी फुटल्या नाहीत, गोल गोळ्यांसारख्या झाल्या. त्यांनाच आपण प्रोटोप्लास्ट म्हणतो. भित्तिका नाही, आकार नाही, पण पेशी शाबूत. हा प्रयोग तुमच्या लॅबमध्येही होतो. साधा मायक्रोस्कोप पुरतो, फेज काँट्रास्ट असेल तर दुधात साखर. स्लाइडच्या कडेने पाण्याचा एक थेंब सोडलात की गोळे एकेक करून दिसेनासे होतात.

आता तोडतं कसं ते. कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम म्हणजे 129 अमिनो आम्लांची साखळी, रेणुभार साधारण 14,300. चार डायसल्फाइड बंधांनी घट्ट बांधलेलं, म्हणून अंगाने चिवट. त्रिमितीय रचना उलगडलेलं हे पहिलं एन्झाइम. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने 1965 मध्ये क्ष-किरणांनी ती काढली आणि एन्झाइमच्या खाचेत शर्करा कशी बसते हे लुईस जॉन्सन यांनी दाखवलं. रेणूच्या एका बाजूला लांबट खाच आहे, तीत साखळीतल्या सहा शर्करा बसतात. त्या जागांना ए ते एफ अशी नावं आहेत. बंध तुटतो चौथ्या आणि पाचव्या जागेच्या मध्ये, म्हणजे डी आणि ई यांच्यात.

त्या जागी समोरासमोर दोन आम्लं आहेत. 35व्या क्रमांकावर ग्लुटामिक आणि 52व्या क्रमांकावर ॲस्पार्टिक. पस्तिसावं आपल्याजवळचा प्रोटॉन बंधातल्या ऑक्सिजनला देतं आणि बंध ढिला करतं. बावन्नावं पलीकडून त्या शर्करेला आधार देतं, मग पाण्याचा रेणू येऊन काम पुरं करतो. बावन्नावं नेमकं काय करतं यावर बरीच वर्षं मतभेद होते. फिलिप्स यांच्या मांडणीत ते फक्त विद्युतभाराने आधार देत होतं. 2001 मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या स्टीफन विदर्स यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते शर्करेशी थोडा वेळ खराखुरा सहसंयुज बंध जोडतं. अजूनही कित्येक नोट्समध्ये जुनीच आकृती फिरते आहे. व्हायव्हाला एक्स्टर्नल नव्या वाचनाचे असतील तर इथे पकडतील, एवढं लक्षात ठेवा.

हे सगळं सांगायचं कारण पीएच. काम व्हायला पस्तिसाव्याकडे प्रोटॉन असायला हवा आणि बावन्नाव्याकडे नसायला हवा. एकाच पाण्यात दोन आम्लांची अशी उलट अवस्था कशी राहते? पस्तिसावं पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांच्या कोंडाळ्यात आहे, म्हणून ते प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही. त्याचं पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा प्रोटॉन सुटलेला असतो तो आकडा, सहाच्या आसपास जातं. बावन्नावं पाण्याच्या संपर्कात आहे, ते कधीच मोकळं झालेलं असतं. त्यामुळे फार आम्ल किंवा फार अल्कली झालं की जोडी बिघडते. आणि दुसरी गोष्ट मिठाची. हा रेणू जवळपास पीएच 11 पर्यंत धनभारित राहतो आणि जिवाणूची भित्तिका ऋणभारित असते, त्या ओढीवरच तो भित्तिकेला चिकटतो. मीठ जास्त झालं की ही ओढ झाकली जाते. म्हणून ‘लायसोझाइमचा योग्य पीएच किती’ याचं एका आकड्यात उत्तर मी देत नाही. मिठाचं प्रमाण सांगा, मग पीएच सांगते. तुम्ही नमुना जाड सलाइनमध्ये किंवा भरपूर मीठ घातलेल्या ब्रॉथमध्ये विरघळवला असेल, तर निम्मी शक्ती तिथेच गेली.

शरीरात हा जमाखर्च निसर्गाने वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा मांडला आहे. अश्रू, लाळ, नाकातला चिकट स्राव, आईचं दूध, पांढऱ्या पेशींमधले कण, सगळीकडे लायसोझाइम आहे. आईच्या दुधात ते गाईच्या दुधापेक्षा हजारपटींच्या हिशेबात जास्त असतं. पण मला सगळ्यात आवडतं ते पोटातलं. गाय आधी जिवाणूंकडून गवत आंबवून घेते आणि मग त्या जिवाणूंनाच पुढच्या जठरात पचवते. तिथे पोचलेल्या लायसोझाइमला आम्लात टिकावं लागतं आणि प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनच्या तावडीतून सुटावं लागतं. पानं खाणारी लंगूर माकडंही पोटाच्या पुढच्या भागात आंबवतात. 1987 मध्ये कॅरो-बेथ स्टुअर्ट, जेम्स शिलिंग आणि ॲलन विल्सन यांनी हनुमान लंगुराचं जठरातलं लायसोझाइम तपासलं, तर त्यात गाईच्या लायसोझाइमशी जुळणारे बदल स्वतंत्रपणे झालेले निघाले. आपल्याकडे गडांवर आणि घाटात हातातला खाऊ पळवणारं काळ्या तोंडाचं वानर म्हणजे हेच. उत्क्रांतीच्या तासाला हे उदाहरण दिलं की शेवटच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

आता तुमच्या प्लेटकडे येऊ. त्याआधी फ्लेमिंगची गोष्ट, कारण तिच्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग म्हटलं की पेनिसिलिन आणि 1928 आठवतं. लायसोझाइम त्याच्या आधीचं, 1921 मधलं, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधलं. सर्दी झालेली असताना नाकातला स्राव त्यांनी कल्चरवर टाकून पाहिला आणि एका पिवळ्या गोलाणूच्या वसाहती विरघळल्या. मग लिंबाच्या सालीने सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणवून अश्रूही तपासले, तेही तसेच. 1922 मध्ये शोधनिबंध आला. तो पिवळा गोलाणू म्हणजे मायक्रोकॉकस लायसोडेइक्टिकस, आज आपण त्याला मायक्रोकॉकस ल्यूटियस म्हणतो. हवेतून प्लेटवर पडणारा, सहसा रोग न करणारा. आणि लायसोझाइमने विरघळण्याच्या बाबतीत याच्याइतका नाजूक जिवाणू शोधून सापडणार नाही. फ्लेमिंग यांचं नशीब असं की नेमका तोच समोर आला. समोर ई. कोलाय असता तर त्यांनाही तुमच्यासारखीच झोन नसलेली प्लेट मिळाली असती.

पुढे फ्लेमिंग यांनी रोगकारक जिवाणूंवर प्रयोग केले, तेव्हा परिणाम फारच फिका निघाला. त्यांनी लावलेला अर्थ मला आजही पटतो. ज्या जिवाणूला लायसोझाइम सहज विरघळवतं तो आपल्या डोळ्यात, नाकात, घशात मूळच धरू शकत नाही, त्यामुळे तो आपल्याला आजारी पाडणाऱ्यांच्या यादीत येतच नाही. यादीत उरतात ते या पहारेकऱ्याला चुकवायला शिकलेले. तुम्ही प्रोजेक्टला दोन नावाजलेले रोगकारक घेतलेत आणि त्यांनी लायसोझाइमला भीक घातली नाही, यात नवल काय?

आधी ई. कोलाय. ग्रॅम निगेटिव्ह, त्याची भित्तिका अगदी पातळ. लायसोझाइम तिथे पोचलं तर क्षणात निकाल लागेल. पण बाहेरून आणखी एक पटल आहे आणि त्याच्या बाहेरच्या थरात लिपोपॉलिसॅकराइडचे रेणू मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या आयनांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. 14,000 रेणुभाराचं प्रथिन त्यातून आत जात नाही. एवढ्यावर भागत नाही म्हणून की काय, ई. कोलाय दोन पटलांच्या मधल्या पोकळीत ‘आयव्ही’ नावाचं प्रथिनही ठेवतो. ते लायसोझाइमच्या खाचेतच अडकून बसतं आणि त्याला निकामी करतं.

आमच्या कामात ई. कोलायमधून डीएनए किंवा प्रथिन काढायला लायसोझाइम रोज लागतं, मग ते चालतं कसं? तर ईडीटीएमुळे. पीएच 8 चं ट्रिस बफर, त्यात ईडीटीए, मग लायसोझाइम, साधारण 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, थोडा वेळ 37 अंशांवर. ईडीटीए मॅग्नेशियम ओढून घेतं, बाहेरचं पटल विस्कळीत होतं आणि एन्झाइमला वाट मिळते. नळी तिरकी करून बघा. आधी पाण्यासारखं हलणारं दुधट द्रावण जाड होत जातं, पिपेटच्या टोकाला तार धरू लागतं. ती तार म्हणजे बाहेर पडलेला डीएनए. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की पेशी फुटणं म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. शरीरात ईडीटीए नाही, पण अश्रूंत आणि दुधात लायसोझाइमच्या जोडीला लॅक्टोफेरिन हे प्रथिन असतं आणि ते बाहेरच्या पटलाला कमकुवत करतं. निसर्गातही हे एन्झाइम एकटं क्वचितच लढतं.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसची गोष्ट उलटी. ग्रॅम पॉझिटिव्ह, बाहेरचं पटल नाही, जाड भित्तिका सरळ समोर उघडी. पुस्तकी नियमाने हा तर विरघळायलाच हवा, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच गोंधळतात. ‘लायसोझाइम ग्रॅम पॉझिटिव्हवर चालतं, निगेटिव्हवर चालत नाही’ हे वाक्य गाइडबुकात ठोकून लिहिलेलं असतं आणि ते अर्धवट आहे. ऑरियसकडे ‘ओएटीए’ नावाचं एन्झाइम आहे. ते नॅमच्या सहाव्या कार्बनवर एक ॲसिटिल गट चिकटवतं. त्या गटामुळे साखळी लायसोझाइमच्या खाचेत नीट बसतच नाही. हे जनुक काढून टाकलेला ऑरियस लायसोझाइमला बळी पडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आणि फ्लेमिंग यांच्या तर्काला दुजोरा देणारी गोष्ट म्हणजे, मांसाचे सॉसेज आंबवायला वापरतात त्या निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस कार्नोससमध्ये ही सोय नाही. न्यूमोनियाचा गोलाणू आणखी निराळी युक्ती करतो, तो नॅगवरचा ॲसिटिल गट काढून टाकतो. एक चिकटवतो, दुसरा काढतो, हेतू एकच. म्हणूनच ऑरियसमधून डीएनए काढायचा असतो तेव्हा आम्ही लायसोस्टॅफिन घेतो. ते शर्करेच्या साखळीला हातच लावत नाही, साखळ्यांमधले ग्लायसिनचे पूल तोडतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर ई. कोलायमध्ये लक्ष्य झाकलेलं आहे, ऑरियसमध्ये लक्ष्य उघडं आहे पण बदललेलं आहे. एन्झाइमचा दोष दोन्हीकडे नाही.

राहिली पद्धत. वेलभोवती झोन येतो तो पदार्थ अगारमधून पसरला तर. स्ट्रेप्टोमायसिन लहान रेणू, भराभर पसरतो. लायसोझाइम मोठं, वर धनभारित, आणि अगारमध्ये ऋणभारित सल्फेट गट असतात. ते वेलच्या काठालाच रेंगाळतं. तोवर जिवाणूंची वाढ पुढे निघून जाते आणि सकाळी तुम्हाला जिवाणूंचा सलग थर दिसतो. अगारमध्ये लायसोझाइम मोजण्याची पद्धत आहेच, पण तीत वाढणारं कल्चर नसतं. बफरमध्ये बनवलेल्या अगारमध्ये मायक्रोकॉकसच्या तयार पेशी मिसळून प्लेट ओततात आणि वेलभोवती जे कडं पारदर्शक होत जातं ते मोजतात.

मी तुमच्या जागी असते तर गढूळपणाची पद्धत घेतली असती. मायक्रोकॉकसच्या वाळवलेल्या पेशी बाटलीत मिळतात. पीएच 6.24 च्या 66 मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये त्या इतक्याच घाला की 450 नॅनोमीटरला शोषण 0.6 ते 0.7 येईल. क्युव्हेटमध्ये अडीच मिलिलिटर घ्या, त्यात विरल केलेलं एन्झाइम एक दशांश मिलिलिटर घाला, क्युव्हेट उलटसुलट करा आणि लगेच आकडा वाचायला लागा. दर अर्ध्या मिनिटाला नोंद. मिनिटाला 0.001 ची घट म्हणजे एक युनिट. सुरुवातीची सरळ रेषाच धरायची, पुढे ती वाकते ती पेशी संपत आल्यामुळे.

अंडं फोडून करणार असाल तर एक खुबी आहे. पांढऱ्यातला एक भाग घट्ट असतो, एक पातळ. घट्ट भागात ओव्होम्युसिन हे प्रथिन असतं आणि ते लायसोझाइमला धरून ठेवतं. पांढरं थेट ऊर्ध्वपातित पाण्यात ओतलंत तर दुधट धागे तयार होतात आणि त्यांच्याबरोबर एन्झाइमही खाली बसतं. आधी हलक्या सलाइनमध्ये, फेस न करता सावकाश ढवळा, मलमलच्या कापडातून गाळा, मग बफरमध्ये पुढचं विरलन. पांढऱ्यात प्रति मिलिलिटर तीन-साडेतीन मिलिग्रॅमच्या घरात लायसोझाइम असतं, त्यामुळे पाचशे ते हजारपट विरल केल्याशिवाय आकडा पकडता येणार नाही, क्युव्हेट डोळ्यांदेखत स्वच्छ होऊन जाईल. मिठाचं मघाशी म्हटलं ते इथे आडवं येत नाही, हजारपट विरलनात ते मीठ नगण्य होतं.

कंट्रोलचंही बघा. बहुतेक जण ‘उकळलेलं एन्झाइम’ हा कंट्रोल ठेवतात. लायसोझाइम आम्लात, पीएच 4-5 च्या आसपास, उकळत्या पाण्यात काही मिनिटं सहज तग धरतं. अल्कलीमध्ये मात्र लवकर मरतं. म्हणजे तुमचा ‘मेलेला’ कंट्रोल जिवंत निघू शकतो, कशात उकळलंत त्यावर. नुसतं बफर, आणि नुसतं बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन), हे दोन कंट्रोल जास्त भरवशाचे.

आणि आता तो मुद्दा ज्यावर मी विद्यार्थ्यांना हमखास अडवायचे. बाटलीतल्या त्या मायक्रोकॉकस पेशी आधीच मेलेल्या आहेत, तरी गढूळपणा उतरतो. पेनिसिलिनला हे जमणार नाही. पेनिसिलिन भित्तिकेचं नवं बांधकाम अडवतं, म्हणून त्याला वाढणारी पेशी लागते. लायसोझाइम उभी भिंत पाडतं, घरात कोणी राहत असो वा नसो. त्यामुळे गढूळपणाच्या घटीवरून तुम्ही ‘भित्तिका तुटली’ एवढंच लिहू शकता, ‘जिवाणू मेले’ नाही. मेले हे म्हणायला जिवंत कल्चर घेऊन, विरलन करून, प्लेटवर वसाहती मोजाव्या लागतील. उलट बाजूही आहे. सुक्रोजमधले प्रोटोप्लास्ट गढूळच दिसतात, पण साध्या प्लेटवर टाकले की फुटतात. एकाच नमुन्याला गढूळपणा म्हणेल काही झालं नाही आणि वसाहती म्हणतील सगळं संपलं. शिवाय लायसोझाइम निव्वळ आपल्या धनभाराच्या जोरावरही काही जिवाणूंचं पटल बिघडवतं, बंध न तोडता. तोडण्याची क्षमता काढून घेतलेल्या लायसोझाइमनेही जिवाणू मारल्याचे प्रयोग आहेत. म्हणून ‘मारलं’ आणि ‘तोडलं’ हे दोन रकाने जर्नलमध्ये वेगळे ठेवा.

अँटिबायोटिकला पर्याय? गोळी किंवा इंजेक्शन म्हणून, नाही. ज्यांच्यासाठी पर्याय हवा आहे ते जिवाणू हेच, ज्यांनी तुमच्या प्लेटवर झोन पडू दिला नाही. पोटात घेतलं तर ते शेवटी एक प्रथिन, पचण्याच्या मार्गावर. रक्तात सोडलं तर परकं प्रथिन म्हणून शरीर प्रतिक्रिया देणार, आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना तर धोकाच. जखमेवर कच्चं पांढरं लावण्याचे घरगुती सल्ले फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. साल्मोनेला ग्रॅम निगेटिव्ह आहे आणि अंड्यातच सापडतो. पांढऱ्यात एवढं लायसोझाइम असूनही तो तिथे राहू शकतो, यातच काय ते आलं.

अन्नात मात्र त्याचा खरा उपयोग आहे, जिथे शत्रू नेमका माहीत आहे तिथे. इटलीतल्या कडक चीजमध्ये क्लॉस्ट्रिडियम टायरोब्युटिरिकम नावाचा जिवाणू महिन्यांनी जागा होतो, वायू तयार करतो आणि मुरत ठेवलेलं चाक आतून फुगून तडकतं. त्याचे बीजाणू येतात गाईंना घातलेल्या सायलेजमधून, म्हणजे मुरघासातून. ग्राना पदानोसाठी मुरघास चालतो, म्हणून दुधात लायसोझाइम घालायला परवानगी आहे. पार्मिजानो रेज्जानोमध्ये मुरघासही बंद आणि लायसोझाइमही बंद. लायसोझाइम बीजाणूला काही करत नाही. बीजाणू रुजून पेशी बाहेर आली की तिला गाठतं, आणि चीजमध्ये टिकून राहतं म्हणून महिन्यांनीही हजर असतं. वाइनमध्येही लॅक्टिक जिवाणूंना आवर घालायला ते वापरतात. युरोपात त्याचा नंबर ई 1105.

पनीरचं गणित वेगळं आहे. चीजसारखं महिनोन् महिने मुरवायचं नसतं, काही दिवस टिकवायचं असतं. फ्रिजमधलं ताजं पनीर बुळबुळीत होतं ते बहुतेक वेळा स्यूडोमोनाससारख्या थंडीत वाढणाऱ्या ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंमुळे, आणि वर बुरशी, यीस्ट. पहिल्यांच्या अंगावर बाहेरचं पटल आहे, दुसऱ्यांच्या भित्तिकेत नॅम नाहीच. म्हणजे जे नासवतात त्यांना लायसोझाइम हात लावणार नाही. वर आपल्या लेबलच्या नियमांत अंडं मांसाहारी गटात मोडतं. पनीरवर तपकिरी खूण घेऊन गिऱ्हाईक कुठून आणणार? इथे स्वच्छ पाणी, लवकर थंड करणं आणि नीट पॅकिंग यांनी जे साधतं ते एन्झाइमने साधणार नाही. प्रोजेक्टच्या ‘फ्यूचर स्कोप’मधून पनीर काढून टाका, परीक्षक त्याच वाक्यावर बोट ठेवतील.

प्रोजेक्ट वाचवायचा असेल तर माझ्या मते तो आहे तसाच जास्त चांगला होऊ शकतो. मायक्रोकॉकसवर गढूळपणाचा प्रयोग करून एन्झाइम चालू आहे हे आधी सिद्ध करा. मग ई. कोलायच्या चार नळ्या लावा: नुसतं बफर, नुसतं ईडीटीए, नुसतं लायसोझाइम आणि दोन्ही. चौथीत घट दिसावी, तिसरीत जवळजवळ नाही. ईडीटीए एकट्यानेही थोडं नुकसान करतं, म्हणून दुसरी नळी वगळू नका. फॉस्फेटऐवजी इथे ट्रिस घ्या आणि पेशी आधी धुऊन घ्या, ब्रॉथमधलं मॅग्नेशियम राहिलं तर ईडीटीए त्यातच खर्ची पडेल. ऑरियसला तशाच नळ्या लावून ईडीटीएने तिथे काही फरक पडत नाही हे दाखवता आलं, तर दोन जिवाणूंच्या दोन वेगळ्या बचावांची बाजू तुमच्याच आकड्यांतून उभी राहते.

पावडर तोलताना पंखा बंद करा आणि मास्क लावा. कोरडं लायसोझाइम उडतं, श्वासातून गेलं तर काहींना दम्यासारखी ॲलर्जी होते. ग्रुपमध्ये कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर त्याला तराजूपाशी उभं करू नका. द्रावण त्या दिवशीचं त्या दिवशी बनवा, उरलेल्याचे छोटे भाग करून उणे 20 अंशांत ठेवा. आणि नमुना कशात विरघळवला होता ते कळवा, आकडे आले की तेही टाका, बघून सांगते.